कचऱ्यातलं पाणी

मे महिन्यात एकदा घरच्या ओल्या कचऱ्याची बादली मी मुद्दाम काट्यावर ठेवली. कलिंगडाच्या आणि आंब्याच्या साली, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा. भरलं ४ किलो. तोच ऐवज गच्चीत जुन्या चादरीवर पसरला (शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं). चौथ्या दिवशी जे उरलं ते किलोभरही नव्हतं. बाकीचे ३ किलो उन्हानं फुकटात उचलून नेले.

शहराच्या कचऱ्याचा हिशेब टनांत होतो. गाड्या किती, प्रकल्प केवढा, जागा किती, सगळं टनांवर ठरतं. त्या टनात काय भरलंय हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या मिसळलेल्या कचऱ्यात ढोबळमानानं निम्मं पाणी असतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे १००० टन कचरा गावाबाहेर नेला की त्यासोबत ५ लाख लिटर पाणी गेलं. १० हजार लिटरचे ५० टँकर. उन्हाळ्यात पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटमधून पाण्याचा टँकर आत येत असतो आणि त्याच गेटमधून आपण डिझेल जाळून पाणी बाहेर पाठवत असतो.

‘जाळून टाका आणि वीज करा’ हा सल्ला दर दोन-चार वर्षांनी नव्यानं येतो. १ लिटर पाण्याला साध्या तापमानापासून उकळवून त्याची वाफ करायला ६०० किलोकॅलरींहून थोडी जास्त उष्णता लागते. भट्टीत कचरा गेला की आधी हे देणं फिटतं, मग उरलं तर विजेचं. दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रानं रोज ३०० टन जाळणारी भट्टी उभी राहिली. तिला किलोमागे १४०० किलोकॅलरींच्या वरचा कचरा हवा होता. दिल्लीचा कचरा जेमतेम ६००-७०० चा निघाला. भट्टी सुमारे तीन आठवडे चालली. यंत्रात दोष नव्हता, ते कोपनहेगनच्या कचऱ्यासाठी बेतलेलं होतं. तिथल्या डब्यात कागद आणि खोकी, आपल्या डब्यात भाजीची देठं, शिळा भात आणि झाडलोटीची माती.

न जाळता नुसता ढीग घातला तर तेच पाणी वेगळं काम करतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, ओलावा मात्र भरपूर, त्यामुळे हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता अडवतो, शिवाय पेटतो. खालून झिरपतं ते काळं पाणी, म्हणजे लिचेट, आसपासच्या विहिरींत उतरतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचरा डेपोपायी हे दोन्ही भोगलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या तीन आठवड्यांहून जास्त अडवल्या. त्याच वर्षी पुण्याच्या हद्दीत ११ गावं आली, त्यांत हीही दोन. शहर वाढता वाढता स्वतःच्याच उकिरड्यापाशी येऊन पोचलं. पुढे या दोन गावांची वेगळी नगरपरिषद झाली. डेपो अर्थातच हलला नाही.

पाणी जिथे अडचण न होता उपयोगी पडतं अशी एक जागा म्हणजे बायोगॅसची टाकी. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवून वाहनांसाठी गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. पाहायला जाणारे टाक्यांचे फोटो काढतात. खरी गोष्ट त्या टाक्यांच्या कितीतरी आधी, घराघरातल्या वेगळ्या डब्यात घडलेली असते. टाकीचा स्वभाव म्हशीच्या पोटासारखा आहे, आणि ही नुसती उपमा नाही, कारण मिथेन करणारे सूक्ष्मजीव दोन्हीकडे एकाच कुळातले. काही जिवाणू अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा पुढे गॅस करतात. पहिले झपाझप काम करतात, दुसरे संथ. आंब्याच्या मोसमात गोड सालींचा मारा एकदम झाला की आम्ल साचतं, दुसऱ्यांचं काम थांबतं आणि टाकीला अजीर्ण होतं. काच आणि वाळू तळाशी बसून जागा खातात. कोयी तर पचतच नाहीत. त्यामुळे टाकी बांधताना वर्षाची सरासरी काढून भागत नाही. मे महिना आणि गणपतीनंतरचा आठवडा यांचा वेगळा विचार लागतो.

सुक्या कचऱ्याचं गणित उलटं. तिथे पाणी शिरलं की भाव पडला. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्या दारोदार कचरा घेतात. त्यातलं विकाऊ भंगार हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग. एका पुलाखाली वर्गीकरण चालू असताना मी थांबलो होतो. एक मावशी पिशवी मुठीत चुरगाळायच्या आणि न बघता बाजूला टाकायच्या. कुरकुरली तर एका पोत्यात, मऊ पडली तर दुसऱ्या. पहिली पॉलिप्रॉपिलिनची, दुसरी पॉलिथिनची. दोन्ही एकत्र वितळवली की माल ठिसूळ होतो. प्रयोगशाळेत याला अवरक्त किरणांचं यंत्र लागतं. मावशींना कान पुरतो, फक्त पिशवी कोरडी हवी. आमटीत भिजलेली पिशवी कुरकुरत नाही.

“पाऊस आला की काय करता?” मी विचारलं.

“काय करणार? पुठ्ठा भिजला की भंगारवाला वजनात कापतो. वर पूल आहे, पण पाणी कडेनं आत येतंय.” त्यांनी पोत्यांवरची ताडपत्री दाखवली. मधोमध फाटलेली होती.

पुण्याच्या हद्दीत २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. तिथे इमारती आधी उठल्या, रस्ते मागून येतायत आणि कचऱ्यासाठी जागा राखायची तर शेजारचा प्रत्येक जण म्हणतो, पलीकडच्या वॉर्डात करा. पण वर्गीकरणाला लागतं तरी किती? पक्की फरशी, एक नळ, वजनकाटा आणि तिन्ही बाजूंनी पुढे आलेलं छप्पर. मी गेलो तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. मावशी पुठ्ठ्याचे गठ्ठे पुलाच्या खांबाला टेकवून उभे रचत होत्या, म्हणजे पाणी आलं तर खालचे चार बोटं तेवढे भिजतील.