ओव्हरस्टिअर (सिम रेसिंग)

ओव्हरस्टिअर : वळणात मागच्या टायरांचा स्लिप कोन (टायर रोखलेली दिशा व त्याची प्रत्यक्ष चाल यांतील कोन) पुढच्यांपेक्षा वाढून गाडीची शेपटी बाहेर सुटण्याची स्थिती. येथे ताकदवान रेस गाड्यांच्या सिम्युलेटरवरील (सिममधील) नियंत्रणापुरता विचार केला आहे.

अंडरस्टिअर (पुढचे टायर अधिक घसरून गाडी कमी वळण्याची उलट स्थिती) आणि ओव्हरस्टिअर या संज्ञांच्या जोडीचे श्रेय सहसा अभियंते मॉरिस ऑली यांना दिले जाते. ते १९३० च्या सुमारास रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सकडे आले. टायर रोखलेल्या दिशेपेक्षा किंचित तिरका चालतो, ही मूळ कल्पना मात्र फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५ च्या आसपास मांडली होती. व्याख्येबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार पुढच्या व मागच्या स्लिप कोनांतील फरक पाहावा. दुसऱ्या मतानुसार ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात वेग हळूहळू वाढवावा आणि स्टिअरिंग कमी वळवावे लागले, तर गाडी ओव्हरस्टिअर करते असे समजावे. अशी चाचणी इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रातील डायनॅमिक प्लॅटफॉर्मसारख्या मोकळ्या सपाट पृष्ठभागावर घेतात. सिमसाठी पहिली व्याख्या अधिक उपयोगी वाटते. वर्तुळात अंडरस्टिअर करणारी गाडीही थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दाबताच मागून सुटू शकते, आणि हे दुसऱ्या व्याख्येत बसत नाही.

टायरची एकूण पकड मर्यादित असते. घर्षणवर्तुळाच्या हिशेबाने (दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज १०० टक्क्यांच्या वर्गाइतकी) तिचा ६० टक्के भाग वेग वाढवण्यात गेला तर वळणासाठी सुमारे ८० टक्के उरतो. ८० टक्के गेला तर ६०. म्हणून पॉवर ओव्हरस्टिअर (थ्रॉटल दिल्याने होणारा) हळूहळू येत नाही, थ्रॉटलच्या शेवटच्या टप्प्यात एकदम उसळतो. ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ (१९९८) या सिममधील १९६७ च्या विंगविरहित गाड्या त्यासाठीच कुप्रसिद्ध ठरल्या. त्यांतील लोटस ४९ ची ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती, वजन ५०० किलोच्या आसपास.

प्रत्यक्ष गाडीत घसरण आधी पाठीला आणि बैठकीला जाणवते. स्थिर खुर्चीत ती खबर नसते. उरतात नजर, टायरचा आवाज आणि स्टिअरिंगमधला जोर. त्यामुळे नवखा चालक उशिरा जागा होतो. फोर्स फीडबॅकचा (मोटरने स्टिअरिंगला दिलेल्या जोराचा) गेन, म्हणजे प्रमाण, फार चढवला की मोटर कमाल जोरावर अडकते आणि बारीक फरक हरवतात. टेबलाला क्लॅम्पने बसवलेल्या गिअरने चालणाऱ्या स्टिअरिंग व्हीलवर हा दोष लवकर दिसतो. दृश्यकोनही खरा हवा : ६० सेंमी रुंद पडदा डोळ्यांपासून ६० सेंमीवर असेल तर आडवा कोन सुमारे ५३ अंश येतो.

शेपटी सुटताच थ्रॉटल कमी करावा, पण शून्यावर आणू नये. पूर्ण सोडल्यास भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात, शिवाय इंजिनब्रेकिंग त्यांनाच ओढते. स्टिअरिंग घट्ट धरू नये. कॅस्टरमुळे (स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे झुकलेल्या कलामुळे) पुढची चाके गाडीच्या प्रवासाच्या दिशेकडे स्वतःच वळू पाहतात, हातांनी त्यांना फक्त साथ द्यावी. खरी चूक परतताना होते. गाडी सरळ दिसेपर्यंत उलट स्टिअरिंग धरून ठेवले, तर मागची पकड परतताच ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. फिरणे थांबत आहे असे दिसताच स्टिअरिंग सोडवू लागावे. घसरण हाताबाहेर गेलीच, तर क्लच व ब्रेक दोन्ही दाबावेत.

दोष वळणाच्या बाहेर पडताना येत असेल तर मागचा अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारा दांडा) एक टप्पा मऊ करावा किंवा एक गिअर वरचा वापरावा. डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचे) पॉवर लॉक, म्हणजे थ्रॉटल देताना ती चाके एकत्र जखडण्याचे प्रमाण, फार जास्त असल्यास दोन्ही चाके एकदम सुटतात. फार कमी असल्यास आतले चाक वाया फिरते. वळणात शिरताना दोष असेल तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकांतील जोराची वाटणी) १-२ टक्के पुढे न्यावा, कोस्ट लॉक (थ्रॉटल सोडल्यावरचे लॉक) वाढवावे. जीटी३ गाड्यांत (रस्त्यावरील स्पोर्ट्स गाड्यांवर आधारित रेस गाड्यांत) ट्रॅक्शन कंट्रोल (चाक वाया फिरणे रोखणारी यंत्रणा) अधिकृत आहे. फॉर्म्युला वनमध्ये त्याला २००८ पासून बंदी आहे, म्हणून तेथील सिम गाड्यांवर सराव करताना ते बंद ठेवणे रास्त.

इंदूर परिसरात पिथमपूर येथे भरलेल्या बाहा स्पर्धांच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, कच्च्या जमिनीवर धावणाऱ्या) गाड्या सुमारे १० अश्वशक्तीच्या असतात. सैल मातीवर त्याही मागून सुटतात, परंतु तेथील कारण ताकद नव्हे, पकडीचा अभाव.