उसनी औषधं: कबुतरं आणि फिंचच्या परजीवींवरच्या उपचारांची पार्श्वभूमी

ढाबळीच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली औषधांची पिशवी उघडली तर त्यात काय निघतं? गुरांना टोचायचं आयव्हरमेक्टिन, माणसांच्या जुलाबावरच्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, पोल्ट्रीवाल्याकडून आणलेली, कोंबड्यांच्या आतड्यातल्या परजीवींवरची अँप्रोलियमची पूड, कुत्र्याच्या गोचिडांवरचा फवारा. कबुतराचं किंवा फिंचचं (चिमणीएवढा, दाणे खाणारा पिंजऱ्यातला पक्षी) नाव छापलेली बाटली त्यात क्वचितच सापडते. पाळणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. पण असं का चालत आलं हे शोधायला गेलं की टर्की पक्षी, कलकत्त्याच्या चिमण्या, जर्मनीतले कॅनरी आणि जपानमधलं एक गोल्फचं मैदान, अशी बरीच भटकंती होते.

सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्यांपासून करू. अकबराच्या दरबारात वीस हजारांहून जास्त कबुतरं होती आणि त्यातली पाचशेच 'खासा', म्हणजे खास निवडीची होती, असं अबुल फजलने नोंदवून ठेवलंय. एवढ्या पाखरांत उवा नसतील हे शक्यच नाही. पारव्याच्या पंखाच्या पिसांत काडीसारखी लांबट, चपटी ऊ असते; तिचं शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ मध्येच केलं होतं. या उवांवरचा पहिला इलाज कबुतराकडे स्वतःकडेच असतो, तो म्हणजे चोच. वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपेक्षा एक-दोन मिलिमीटर पुढे आलेलं असतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि सहकाऱ्यांनी एवढंच टोक घासून काढलं. कबुतरं पूर्वीसारखीच पिसं साफ करत राहिली, पण उवा मात्र भराभर वाढल्या. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. चोच तुटलेलं पाखरू उवांनी भरतं, त्याचं कारण हेच. (जाता जाता: प्रवासी कबुतर १९१४ मध्ये नामशेष झालं, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची ऊही संपली असं सगळे धरून चालले होते. १९९९ मध्ये कळलं की तीच ऊ अमेरिकेतल्या दुसऱ्या एका कबुतराच्या अंगावर मजेत जगते आहे.)

माणसाने यात भर घातली ती पाल्याची. घरट्यात कडुलिंबाचा पाला आपल्याकडे, तंबाखूच्या काड्या युरोप-अमेरिकेत. पाखरांनाही हे कळतं की काय, अशी शंका यावी असे दाखले आहेत. कलकत्त्यातल्या चिमण्या घरट्यात कडुलिंबाची पानं आणून ठेवतात, यावर १९८१ मध्ये शोधनिबंध निघाला. मेक्सिको सिटीतल्या चिमण्या आणि हाउस फिंच सिगारेटची थोटकं घरट्यात विणतात आणि अशा घरट्यांत परजीवी कमी असतात, हे २०१३ मध्ये दिसलं. थोटकातही शेवटी निकोटिनच. पुढे शेवंतीच्या जातीतल्या फुलांची पायरेथ्रम पूड आली, मग डीडीटी, आणि १९७३ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात तयार झालेलं पर्मेथ्रिन हे कृत्रिम कीटकनाशक. तांबड्या माइटच्या (गोचिडाच्या जातीचा बारीक किडा) बाबतीत मात्र नवशिके अजूनही एक गोष्ट विसरतात. हा जीव रात्री रक्त पितो आणि दिवसा फळ्यांच्या सांध्यांत दडतो, त्यामुळे पाखरावर फवारून फारसं काही साधत नाही. फवारा लागतो तो ढाबळीला.

पोटातल्या आणि घशातल्या परजीवींचा इतिहास वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा आहे. कबुतर खाणाऱ्या ससाण्याच्या तोंडात पिवळट, पनीरसारखे गोळे येतात, हे युरोपातल्या शिकारी पक्षी पाळणाऱ्यांना काही शतकांपूर्वीपासून माहीत होतं. त्यामागचा एकपेशी जीव, ट्रायकोमोनास गॅलिनी, इटलीच्या सेबास्तियानो रिव्होल्टाने १८७८ मध्ये कबुतरांतच पाहिला. तो पसरतो आईबापांच्या अन्नपिशवीत (गळ्याखालच्या पिशवीत) तयार होणाऱ्या दुधासारख्या घासातून पिल्लांकडे आणि पाण्याच्या भांड्यातून सगळ्या ढाबळीत. मोठी कबुतरं तो बाळगून धडधाकट दिसतात, पिल्लं मरतात. ओळखायची रीत साधी आहे. ओल्या कापसाच्या काडीने अन्नपिशवीपर्यंत पुसून घ्यायचं, कोमट सलाइनच्या थेंबात मिसळायचं आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. झटके देत, अडखळत पळणारे जीव दिसतात. काचपट्टी गार झाली की ते थांबतात आणि मग इतर पेशींत वेगळे ओळखू येत नाहीत. एवढ्या सोप्या तपासणीला फाटा देऊन आधीच गोळी घालायची सवय कशी लागली, हा या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर औषधांच्या वाटेत सापडतं. १९४८ मध्ये अमेरिकेत सुचवलेला उपाय होता पाण्यात मोरचूद. मात्रा जरा चुकली की विष. १९५३ मध्ये रॉबर्ट स्टेबलर यांनी एन्हेप्टिन वापरून पाहिलं. ते मुळात टर्कींच्या यकृताच्या रोगासाठी होतं. मग फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीचं मेट्रोनिडॅझोल आलं. १९६० च्या सुमारास ते बाजारात आलं ते स्त्रियांना होणाऱ्या ट्रायकोमोनासच्या संसर्गासाठी. कबुतराच्या घशातला जीव त्याचाच भाऊबंद, म्हणून औषध लागू पडलं. त्याच कुळातली डायमेट्रिडॅझोल आणि रोनिडॅझोल ही औषधं पोल्ट्रीच्या वाटेने ढाबळीत शिरली. ठळक अपवाद बेल्जियमचा. तिथे शर्यतीच्या कबुतरांचं वेड इतकं, की जान्सन कंपनीने कार्निडॅझोलची दहा मिलिग्रॅमची गोळी कबुतरांसाठी म्हणूनच काढली.

आता उलटा प्रवास. माणसाच्या औषधांनी पाखरांना जगवलं, पण त्याआधी पाखरांनी माणसाला औषधं दिली होती. १८९८ मध्ये मलेरिया कसा पसरतो हे शोधणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस कलकत्त्यात होते. प्लेगच्या लसीच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचून घ्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी पाखरांतला मलेरिया हाताशी घेतला. जुलैमध्ये त्यांना डासाच्या लाळग्रंथीत परजीवी सापडले आणि अशा डासांकरवी त्यांनी निरोगी चिमण्यांना मलेरिया करून दाखवला. कबुतरांतला मलेरियासारखा परजीवी, हिमोप्रोटियस, मात्र डासाने नव्हे, कबुतराच्या पिसांत धावणाऱ्या चपट्या माशीने पसरतो. १९०६ मध्ये अल्जीरियात सेर्जां बंधूंनी हे दाखवलं, आणि त्या माशीच्या शरीरात परजीवी कसा वाढतो यावर हेलन ऍडी यांचा निबंध १९१५ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला.

यानंतर पाळी आली कॅनरीची. कॅनरी म्हणजे फिंचच्याच कुळातला पक्षी. जर्मनीत एल्बरफेल्डच्या बायर प्रयोगशाळेत विल्हेल्म रोल यांनी मलेरिया झालेल्या कॅनरींना बारीक नळीने औषधं पाजून त्यांचा गुण तपासण्याची पद्धत बसवली. त्या चाचणीतून प्लास्मोचिन निघालं आणि १९२६ पासून ते माणसांना देऊ लागले. क्लोरोक्विनही बायरमध्येच, १९३४ मध्ये तयार झालं. हीच मलेरियाची औषधं पुढे हिमोप्रोटियस झालेल्या कबुतरांना द्यायला लागले. पण कॅनरीला किती मात्रा सोसते हे जेवढ्या काटेकोरपणे त्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं, तेवढं पिंजऱ्यातल्या कॅनरीच्या भल्यासाठी कोणी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

फिंचचा स्वतःचा खास शत्रू म्हणजे श्वासनळीतला माइट, स्टर्नोस्टोमा. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरेन्स यांनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या रंगीबेरंगी गोल्डियन फिंचला तो सर्वांत जास्त छळतो. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये देशी पाखरांची निर्यात बंद केली, त्यामुळे जगभरातले गोल्डियन पिंजऱ्यातल्याच पैदाशीतून वाढले. पण माइट फक्त पिंजऱ्यातच होता असंही नाही. जंगलातल्या गोल्डियनमध्येही तो असल्याचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाधा झालेलं पाखरू रात्री टिकटिक असा आवाज करतं, गाणं थांबवतं, चोच उघडी ठेवून बसतं. मानेची पिसं ओली करून मागून टॉर्च धरला तर श्वासनळीत काळे ठिपके दिसतात. पूर्वी यावर डायक्लोरव्हॉसची पट्टी पिंजऱ्याजवळ टांगायचे, म्हणजे घरातल्या माश्या मारायचं विष पाखराला हुंगवायचं.

मग आयव्हरमेक्टिन आलं. जपानमध्ये इतो शहराजवळच्या कावाना गोल्फ मैदानालगतच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा केला, अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातलं औषध ओळखलं, १९८१ पासून ते गुराढोरांसाठी बाजारात आलं आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. फिंचवाल्यांना हे वरदानच ठरलं, मानेच्या कातडीवर थेंब टेकवला की काम होतं. पण थोडं गणित करून पाहा. गुरांचं प्रमाण किलोला २०० मायक्रोग्रॅम. तेच बारा ग्रॅमच्या झेब्रा फिंचला लावलं तर लागतात अडीच मायक्रोग्रॅमसुद्धा नाहीत. एक टक्क्याच्या इंजेक्शनच्या एका थेंबात, म्हणजे ०.०५ मिलिलिटरमध्ये, असतात ५०० मायक्रोग्रॅम. दोनशे पट! पातळ न करता टाकलेल्या थेंबाने पाखरू दगावलं की दोष औषधाला दिला जातो.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे देशी मुनियांचा व्यापार बंद आहे, म्हणून पिंजऱ्यांत दिसतात ते झेब्रा, बेंगालीज (मुनियाची पाळीव जात) आणि गोल्डियन. गोल्डियनची अंडी बेंगालीजखाली उबवायची रीत सगळीकडे आहे. बेंगालीज आतड्यातला कॉक्लोसोमा नावाचा जीव बाळगूनही ठणठणीत असतो. त्याच्याकडून वाढलेली गोल्डियनची पिल्लं मात्र दहाव्या दिवसापासून पुढे मरायला लागतात. दाई बदलली की पिल्लं जगतात, हे कळेपर्यंत किती जणांनी जीवनसत्त्वांवर पैसे घालवले असतील!

थव्याला औषध द्यायचं तर ते पाण्यातून, ही सोय पोल्ट्रीकडून आली आणि तिथेच गाडी घसरली. आजारी पाखरू कमी पितं, उन्हाळ्यात सगळी जास्त पितात, पिल्लांना घास भरवणारी त्याहून जास्त. कुणाला अर्धी मात्रा, कुणाला दीडपट. शर्यतीच्या हंगामात 'असू दे, नुकसान तर नाही' म्हणून दर काही आठवड्यांनी दिलेल्या अशा अर्धवट मात्रांचा परिणाम १९९० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये दिसला: नेहमीच्या मात्रेला दाद न देणारे ट्रायकोमोनास. मात्रा वाढवून रोनिडॅझोलने तेव्हा भागलं. त्याच दशकात युरोपीय संघाने मांस-अंड्यांच्या जनावरांत रोनिडॅझोलच्या कुळातल्या औषधांवर बंदी घातली. पोल्ट्रीचा मोठा बाजार गेल्यावर त्यांच्यावर नवीन संशोधन करायला कंपन्यांना कारण उरलं नाही. जंतांच्या औषधांचीही अशीच गफलत आहे. फेनबेंडॅझोल कोंबड्यांना चालतं, कबुतरांच्या मात्र अस्थिमज्जेवर घाव घालतं आणि वाढती पिसं वाकडी येतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही, एवढं तरी पिशवीवाल्यांनी मनावर घ्यावं.

२००५ मध्ये कबुतरांचा आणि फिंचचा हा इतिहास एकत्र आला. ब्रिटनच्या बागांत ग्रीनफिंच आणि चॅफिंच पिसं फुलवून, चोचीला ओले दाणे चिकटलेल्या अवस्थेत मरू लागले. कारण होतं कबुतरांचा तोच ट्रायकोमोनास. पुढच्या वर्षी साथ भडकली. ब्रिटनमधल्या ग्रीनफिंचची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २००९ पर्यंत २८ लाखांवर आली आणि २०२१ मध्ये हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. रानातल्या थव्याला पाण्यातून औषध देता येत नाही. कोण किती पिईल आणि आणखी कोणकोणते पक्षी पितील याचा काही हिशोब नाही. तेव्हा सल्ला दिला गेला तो असा: आजारी पक्षी दिसताच दाणे-पाणी बंद करा, भांडी घासा, आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पुन्हा भरू नका. या परजीवीला कोष करून दडून राहता येत नाही, त्यामुळे कोरड्या भांड्यात तो फार काळ टिकत नाही.