पार्श्वभूमी : ड्रोग्बाने युद्ध थांबवलं होतं का?

फुटबॉलपटू दिदिए ड्रोग्बा गुडघे टेकून बसला, शस्त्रं खाली ठेवा म्हणाला आणि आयव्हरी कोस्टमधलं यादवी युद्ध थांबलं, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असते. गोष्ट खोटी नाही. फक्त तिच्यातलं मधलं दीड वर्ष गाळलेलं असतं.

भांडण मुळात जमिनीचं आणि ओळखीचं. कोकोच्या मळ्यांवर राबायला बुर्किना फासो आणि मालीमधून पिढ्यान् पिढ्या माणसं आली. कोकोचे भाव कोसळले, तसा अस्सल आयव्हेरियन कोण हा प्रश्न राजकारणात शिरला. (भूमिपुत्रांचा वाद मराठी वाचकाला वेगळा समजावायला नको.) सप्टेंबर २००२ मध्ये बंड झालं. उत्तर भाग बंडखोरांकडे गेला, बुआके हे त्यांचं केंद्र झालं, दक्षिण सरकारकडे राहिली.

ड्रोग्बा दक्षिणेतला, आबिदजानमध्ये १९७८ साली जन्मलेला. पाचव्या वर्षीच घरच्यांनी त्याला फ्रान्सला, व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या काकाकडे धाडलं. पहिला व्यावसायिक करार मिळेपर्यंत तो २१ वर्षांचा झाला होता. स्ट्रायकरसाठी हा उशीरच. मग मार्सेय या फ्रेंच क्लबमधला एक झंझावाती हंगाम, आणि २००४ मध्ये चेल्सी या इंग्लिश क्लबने २ कोटी ४० लाख पौंड मोजले. राष्ट्रीय संघात त्याच्या शेजारी खेळणारे कोलो आणि याया तुरे हे भाऊ मात्र बुआकेचे. देश दुभंगलेला आणि संघ एकत्र, अशी ती स्थिती.

८ ऑक्टोबर २००५ ला हा संघ सुदानमध्ये ३-१ जिंकला. त्याच वेळी इजिप्तविरुद्ध, गटातल्या प्रतिस्पर्धी कॅमेरूनची शेवटच्या क्षणांतली पेनल्टी हुकली, म्हणून आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा विश्वचषकाला पोहोचला. ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्यासमोर ड्रोग्बाने ती विनंती केली : एकमेकांना माफ करा, शस्त्रं ठेवा, निवडणुका घ्या. तोवर मोठ्या लढाया थंडावल्या होत्या आणि मध्ये शांतिसैनिक उभे होते. त्याच महिन्यात ठरलेली निवडणूक तरीही पुढे ढकललीच गेली. समझोता झाला तो मार्च २००७ मध्ये, बुर्किना फासोच्या राजधानीत, वागादुगूला.

माझ्या मते त्याचं मोठं काम त्यानंतरचं. आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळालेला चषक घेऊन तो बुआकेला गेला आणि मादागास्करविरुद्धचा सामना इथेच होईल, असं जाहीर केलं. ३ जून २००७ ला बंडखोरांच्या गावात सरकारी मंडळी आणि बंडखोर एकाच मैदानात बसले. निकाल ५-०, पाचवा गोल ड्रोग्बाचा. पण २०१० च्या निवडणुकीनंतर पुन्हा रक्तपात झाला आणि सुमारे ३००० माणसं गेली.

चेल्सीच्या चाहत्यांना आठवतो तो २०१२ चा म्युनिकमधला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना : ८८ व्या मिनिटाला हेडरने बरोबरी, मग निर्णायक पेनल्टी. देशासाठी १०५ सामन्यांत ६५ गोल करूनही आफ्रिका चषक त्याला मिळाला नाही. २००६ आणि २०१२ च्या अंतिम सामन्यांत त्याच्याच पेनल्टी हुकल्या. त्याने राष्ट्रीय संघ सोडला आणि पुढच्याच वर्षी, २०१५ ला, संघाने तो चषक जिंकला! लोकांनी हे मनावर घेतलं नाही. आबिदजानच्या माकींमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या खानावळींत, बिअरच्या एक लिटरच्या बाटलीला ‘ड्रोग्बा’च म्हणू लागले.

२०१८ ला निवृत्त झाल्यावर, २०२२ मध्ये तो देशाच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत तिसरा येऊन बाद झाला. मतदार होते क्लबांचे आणि फुटबॉल संघटनांचे प्रतिनिधी. माकीत बसणाऱ्यांना तिथे मत नव्हतं.