झायनच्या घळीत उतरण्याची आखणी अशी का करतात?

युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात दोर लावून उतरायच्या प्रत्येक घळीसाठी परवाना लागतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी कीहोल घळीत शिरलेल्या सात जणांकडे तो होता. लोंढा येण्याचा संभव आहे, हेही त्यांना सांगितलं होतं. घळ तशी छोटी, दोन-तीन तासांची. दुपारी तासाभरात जेमतेम 16 मिलिमीटर पाऊस पडला. सह्याद्रीत त्याला कोणी पाऊसही म्हणणार नाही, पण तिथल्या उघड्या कातळावर पाणी मुरतच नाही. जवळच्या व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याचा प्रवाह 15 मिनिटांत सेकंदाला 55 घनफुटांवरून 2,630 घनफुटांवर गेला. सातही जण दगावले. परवाना म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. उतरायचं की नाही, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

त्याआधी 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप घळीत 11 पर्यटक बुडाले. पाऊस पडला होता कित्येक मैल वर. त्यामुळे डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. नकाशावर घळीचं पूर्ण पाणलोट क्षेत्र आखायचं आणि रडारवर तेवढा भाग तपासायचा. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वादळं बहुधा दुपारी उठतात, म्हणून पहाटे शिरून दुपारच्या आत बाहेर पडायचं. ऊन तळापर्यंत पोचत नसल्याने डोहांचं पाणी उन्हाळ्यातही गारठवतं, वेटसूट (पाण्यात अंगाची ऊब टिकवणारा पोशाख) लागतोच.

घळीची श्रेणी ‘3बी’ अशी लिहितात: आकडा दोरकामाचा, अक्षर पाण्याचं. 3 म्हणजे दोराशिवाय उतरता येत नाही, बी म्हणजे साचलेलं पाणी, पोहण्याची तयारी हवी. पण ही श्रेणी नेहमीच्या दिवसाची. पाणी वाहायला लागलं की बीची सी होते.

पहिल्या टप्प्याचा दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट संपते. इथला नवाहो वालुकाश्म म्हणजे ज्युरासिक काळातल्या टेकड्यांची घट्ट झालेली वाळू. दोर ओढून ओढून कड्याच्या कडेला खाचा पडतात आणि पुढच्यांचा दोर त्यात अडकतो. उपाय साधा आहे: स्लिंग (वर बांधलेला पट्टा) इतकी लांब ठेवायची की रिंग (दोर जिच्यातून ओवतात ती कडी) कडेच्या पलीकडे लोंबेल. शेवटचा माणूस वर असतानाच खालच्यांनी दोर ओढून पाहायचा. सरकला नाही तर वरच्याला मांडणी बदलता येते. तो उतरल्यावर काहीच हातात राहत नाही.

मऊ खडकात दोर अडकवायला बोल्ट ठोकण्यावरून जुना वाद आहे. त्यातूनच वाळूने भरायच्या कापडी अँकरचा (दोराचा भार पेलणाऱ्या वजनाचा) वापर वाढला: शेवटचा माणूस उतरला की बारीक दोरीने ओढून तो रिकामा करायचा आणि खाली घ्यायचा. असा अँकर ओझ्याने सरकू शकतो. म्हणून सगळ्यांत वजनदार माणूस आधी उतरतो, आणि तेव्हा वरचा एक साथीदार अँकरला आधार देतो. सगळ्यांत हलका माणूस शेवटी, विनाआधार.