पासवर्ड न घेता दुसऱ्या संस्थेची मेल कशी उघडते?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या ऑफिसांत हा प्रकार सर्रास चालतो. कारखान्याचा अकाउंटंटच एखाद्या संघटनेचं किंवा ट्रस्टचं कामही बघतो. संघटनेच्या मेलचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, कारखान्याच्या मेल प्रोग्रॅममध्ये टाकला जातो आणि दोन्हीकडची पत्रं शेजारी-शेजारी दिसू लागतात. निदान पूर्वी दिसायची. आता पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि खापर फुटतं नेटवर.

नेटचा इथे काही संबंध नाही. मेल सर्व्हरवरच ठेवून दुरून वाचायचा आयमॅप हा प्रोटोकॉल मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली तयार केला. जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम प्रत्येक जोडणीला पासवर्ड पाठवायचा, म्हणजे तो त्याच्याकडे साठवलेला असायचाच. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून आपल्या क्लाउड मेलवर ही पद्धत बंद करत आणली. तिच्या जागी आलं ओऑथ 2.0, ज्याचं मानक 2012 चं आहे.

ओऑथमध्ये प्रोग्रॅमला पासवर्ड कळतच नाही. तो ब्राउझरमध्ये संघटनेच्या सर्व्हरचं लॉगिन पान उघडून देतो. पासवर्ड, ओटीपी सगळं तिथे. ‘या अ‍ॅपला मेल वाचू द्यायची का?’ याला होकार दिला की सर्व्हर एक कोड परत पाठवतो आणि तो दाखवून प्रोग्रॅम टोकन घेतो. टोकन म्हणजे मिलचा गेटपासच: कुणाला, कशासाठी, किती वेळ.

पण हा कोड वाटेत त्याच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने उचलला तर? त्यावरचा 2015 चा उपाय, पीकेसीई, मला फार आवडतो. अगदी सुरुवातीलाच प्रोग्रॅम किमान 43 अक्षरांची एक वेडीवाकडी ओळ बनवून स्वतःजवळ ठेवतो. सर्व्हरला जातो तो फक्त तिचा शा-256 हॅश, म्हणजे 256 बिटांचा ठसा. दर सहा बिटांना एक अक्षर, म्हणून तोही 43 अक्षरांत मावतो. ओळीवरून ठसा क्षणात निघतो, ठशावरून ओळ मात्र काढता येत नाही. ओळीतलं एकच अक्षर बदललं तरी ठशातले साधारण निम्मे बिट उलटतात, त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याला आपण उत्तराच्या जवळ आलो की लांब गेलो, हेही समजत नाही. नंतर कोडबरोबर मूळ ओळ द्यावी लागते. सर्व्हर तिचा हॅश काढून आधीच्या ठशाशी ताडून बघतो. चोराच्या हाती कोड लागेल, ठसाही लागेल, पण ओळ तर अजून ब्राउझरमधून गेलेलीच नसते!

दसऱ्याला कॉम्प्युटरला हार घालायला माझी ना नाही. पण ‘मिलिटरी ग्रेड’ सुरक्षेच्या जाहिरातींवरची श्रद्धाही त्याच जातीची. पासवर्ड ग्रुपवर टाकल्यावर कसली आलीय मिलिटरी!

तेव्हा संघटनेच्या अ‍ॅडमिनकडून तिथे आपल्या नावाचं वेगळं खातं काढून घ्यावं, हवा तेवढाच मेलबॉक्स त्याला जोडून घ्यावा आणि ते खातं आपल्या प्रोग्रॅममध्ये उघडावं. संमतीच्या पानावर गाडी अडली तर बहुधा अ‍ॅडमिनने बाहेरची अ‍ॅप रोखलेली असतात. मंजुरी त्यानेच द्यायची. काम सुटलं की तो ते एकच खातं बंद करतो, बाकी कुणाला पासवर्ड बदलावा लागत नाही. मात्र प्रोग्रॅमने आधी उतरवून ठेवलेली ऑफलाइन प्रत कारखान्याच्या कॉम्प्युटरवर तशीच राहू शकते. टोकन रद्द झालं म्हणून ती पुसली जाईलच असं नाही; ती वेगळी काढून टाकावी लागते.