वजन न वाढवता जड होणारी गाडी

"डिकीत वाळूची दोन पोती टाका, गाडी वळणावर रस्ता सोडणार नाही." हा सल्ला गॅरेजमध्ये मी अनेकदा ऐकलाय. जड गाडी रस्ता घट्ट धरते, हे चटकन पटतं. पण त्यात निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं ज्यानं स्वतः स्टिअरिंगवर बसून सोडवलं, तो माणूस म्हणजे जिम हॉल.

हॉलचा जन्म १९३५ चा, टेक्सासमधल्या ॲबिलीनचा. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रविद्यापीठातून त्यानं मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, मग शर्यतींत उतरला, १९६३ चा हंगाम फॉर्म्युला वनमध्ये काढला. दरम्यान टेक्सासातल्याच मिडलंडमध्ये हॅप शार्प या मित्राबरोबर त्यानं 'चॅपरल' नावाच्या गाड्या बांधायला घेतल्या होत्या. वर्कशॉपला लागूनच त्यांचा स्वतःचा ट्रॅक होता, रॅटलस्नेक रेसवे. गाडीत काही बदल केला की हॉल स्वतःच ती पळवून बघे. तिथे त्याला कळलं की वेग वाढला की गाडीचं नाक वर उचललं जातंय.

हे आपल्याला नवीन नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं रायगडात घरांवरचे पत्रे उडवले. छपरावरून वेगानं जाणाऱ्या वाऱ्याचा दाब कमी होतो आणि आतली हवा पत्रा वर ढकलते. म्हणून आपण पत्र्यावर दगड ठेवतो. गाडीवर मात्र दगड ठेवून भागत नाही, आणि का भागत नाही हेच या सगळ्यातलं मला सर्वांत आवडणारं गणित आहे.

वळणावर गाडीला आत वळवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. ते अवलंबून असतं टायरवरच्या दाबावर. वजन दुप्पट केलं की दाब दुप्पट, घर्षणही दुप्पट. पण वळवायची वस्तूही आता दुप्पट जड झाली! समीकरणात दोन्हीकडून वस्तुमान कटतं आणि हाती काहीच लागत नाही. खऱ्या टायरचा घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा, तर भार वाढला की थोडा घटतो, म्हणजे वाळूची पोती उलट तोट्याचीच. घर्षणांक १ धरला, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर कमाल वेग येतो ताशी सुमारे ८० किलोमीटर, मग गाडी कितीही किलोची असो.

आता हवेनंच गाडीला तिच्या वजनाइतकं खाली दाबलं तर? टायरवरचा दाब दुप्पट, वस्तुमान तेवढंच. त्याच वळणावर वेग जातो ११३ वर.

हॉलनं १९६६ च्या चॅपरल २ई वर विमानाचा पंख उलटा करून बसवला, उंच खांबांवर. त्या खांबांची जागा बघण्यासारखी आहे. ते बॉडीवर नव्हते, थेट मागच्या चाकांच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, टेकले होते. बॉडीवर बसवले असते तर आधी स्प्रिंगा दबल्या असत्या, गाडी खाली बसली असती. इथे हवेचा दाब स्प्रिंगांना वगळून सरळ टायरवर येई. शिवाय गाडीला क्लच पेडल नव्हतं. मोकळ्या डाव्या पायानं एक पेडल दाबलं की पंख आडवा होई आणि सरळ पट्ट्यावर हवेचा अडथळा कमी होई. वळण आलं की पाय उचलायचा, पंख पुन्हा तिरका. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवरच्या शर्यतीत फिल हिल पहिला आला आणि हॉल दुसरा, दोघेही याच गाड्यांत.

हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजेच वेग निम्मा केला की तो पावच उरतो. शहरात ताशी ५० नं जाणाऱ्या छोट्या कारच्या डिकीवरचा स्पॉयलर दोन-चार किलोंपलीकडे दाब देऊ शकत नाही. 'स्पॉयलरनं गाडी रोडला चिकटते' असं सांगून तो विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

१९६८ साली लास वेगासला पुढच्या गाडीवर आदळून हॉलचे पाय जबर मोडले आणि त्याची ड्रायव्हिंगची कारकीर्द जवळपास संपली. पुढच्या वर्षी बार्सिलोनाला दोन लोटस गाड्यांचे उंच पंख तुटले आणि फॉर्म्युला वनमध्ये तसल्या पंखांवर बंदी आली. तोवर हॉल वेगळ्याच वाटेला लागला होता. १९७० च्या २जे मध्ये त्यानं मागे दोन पंखे लावले, ते फिरवायला वेगळं टू-स्ट्रोक इंजिन दिलं आणि गाडीखालून हवा उपसली. कडेनं प्लॅस्टिकची झालर होती, जमिनीला जेमतेम न टेकणारी. पोकळी गाडीला ओढते असं वाटतं, पण खरं तर वरची हवाच तिला दाबते. चार चौरस मीटर तळाखालचा दाब नुसता दोन टक्के घटवा, आठशे किलोंचा भार येतो. आणि त्याला वेगाची गरजच नाही, गाडी उभी असली तरी तो असतो.

२जे बहुतेक पात्रता फेऱ्यांत सगळ्यांच्या पुढे असे, पण बिघाडांमुळे एकही शर्यत जिंकली नाही. हंगाम संपताच तिच्यावर बंदी आली.

पंखे गेले, तळ उरला. १९८० ची इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत जॉनी रदरफर्डनं हॉलच्या पिवळ्या चॅपरल २के मध्ये जिंकली. जॉन बार्नार्डनं आखलेल्या त्या गाडीच्या पोटाखाली बोगदे होते, आणि त्यांतून वेगानं जाणारी हवाच आता पंख्यांचं काम करत होती.