दागिने उजळणारे आणि गावबंदीचे फलक: सांगली-साताऱ्यातली पार्श्वभूमी

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली असंख्य माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठी देशभरच्या शहरांत पांगलेली ही मंडळी यात्रेला, दिवाळीला गावी येतात. सोनं तेजाबात, म्हणजे ठरावीक तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळतं आणि त्यातून ते परत काढता येतं, हे या पट्ट्यात घरगुती ज्ञान आहे. तरीही ‘दागिने उजळून देतो’ म्हणत दारात येणाऱ्यांनी केलेल्या फसवणुकीच्या बातम्या सांगली-साताऱ्यातून येत राहतात, आणि त्यावर उपाय म्हणून बाहेरच्या विक्रेत्यांना गावबंदीचे फलक लावण्याची भाषा होते. फसलेल्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं.

गावच्या राखणीचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. वेशीवर वेसकर असे आणि रात्रीची गस्त रामोशी घालत. चोरी झालीच तर माग काढून तो पुढच्या गावाच्या शिवेला नेऊन लावायची जबाबदारीही रामोशाचीच. इंग्रजी अमलात रामोशांची गणना सरकारी दप्तरात गुन्हेगारांत होऊ लागली. १८७१ पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. वंशपरंपरागत पाटीलकी गेली, १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. मात्र ‘परका दिसला की चोर’ ही सवय कायद्याबरोबर गेली नाही.

दारावर येणारे सगळेच अनोळखी असत, असं नव्हतं. कल्हईवाला, घिसाडी, पाट्याला टाकी घालणारा, सुया-दाभण-बिबे विकणाऱ्या वैदू बायका, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, यांचे फेरे ठरलेले होते. तेच कुटुंब दरवर्षी त्याच सुमाराला यायचं, घरच्या सुनांची नावंसुद्धा त्यांना माहीत असायची. स्टेनलेस स्टील आलं, मिक्सर आला, आणि दारावरची ही ओळख एका पिढीत पुसली गेली. त्या जागी आले गॅसच्या शेगडीची ‘मोफत तपासणी’ करणारे, पाणी शुद्ध करायचं यंत्र खपवणारे, योजनेचा अर्ज भरून देतो म्हणणारे. यांतले पुष्कळ जण खरे असतात. पण आजचा माणूस उद्या पुन्हा दिसत नाही, मग भरवसा कशावर ठेवायचा?

फसवणुकीची रीत ठरलेली आहे. दोघे दुचाकीवर येतात, वेळ भरदुपारची, घरातली कर्ती माणसं रानात किंवा कामावर असतात. अंगात स्वच्छ कपडे, गळ्यात ओळखपत्र, हातात पावडरीची पाकिटं. आधी देव्हाऱ्यातलं तांब्याचं भांडं फुकटात लखलखीत करून दाखवतात, मग पायातली पैंजणं. शेवटी मंगळसूत्र किंवा पाटल्या. दागिना द्रावणात बुडवला की त्याचं काही सोनं त्यात उतरतं आणि दागिना हलका होऊन परत मिळतो. नाहीतर हळदीच्या पाण्याच्या डब्यात घातल्याचं भासवून ‘दहा मिनिटांनी उघडा’ सांगतात, आणि डबा रिकामा निघतो. ‘काहीतरी हुंगवलं, भुरळ पाडली’ असं तक्रारीत अनेकदा येतं. मला वाटतं, त्यामागे घरच्यांच्या रागाची भीती असते. भुरळ पडली म्हटलं की बोलणी कमी खावी लागतात. या भीतीमुळे तक्रार उशिरा होते, तोवर दुचाकी जिल्ह्याबाहेर गेलेली असते.

गेल्या काही वर्षांत गोंधळ वाढला तो खऱ्या कर्मचाऱ्यांमुळे. विजेचं मीटर वाचणं, मीटर बदलणं ही कामं ठेकेदारांकडे गेली. येणारा मुलगा खरा असला तरी ना त्याच्या अंगावर गणवेश असतो, ना गावातलं कुणी त्याला ओळखतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर पंचनामे, मदतवाटप, विमा यांसाठी कृष्णाकाठच्या दारांत इतके अनोळखी लोक आले, की प्रत्येकाला ‘कुठून आलात’ विचारणं शक्यच नव्हतं. लगेच २०२० मध्ये उलट झालं. साथीत गावांनी रस्त्यावर दगड-काटेरी फांद्या टाकून वेशी बंद केल्या, दक्षता समित्या बसल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याची वही झाली.

गावात शिरू कुणाला द्यायचं हे आपण ठरवायचं, याची चव तिथे लागली. बाहेरच्या विक्रेत्यांना बंदी घालणाऱ्या फलकांची कल्पना साथीपेक्षा जुनी असली, तरी तिला बळ या काळात मिळालं, असं माझं मत आहे.

फलकाच्या बाजूने बोलणाऱ्यांची वेदना खरी आहे. आयुष्यभराच्या कष्टाचं सोनं दहा मिनिटांत जातं, तपास रेंगाळतो, मिळालाच तर दागिना नव्हे, वितळवलेली लगड मिळते. ‘कुणीच नको’ हे मग सोपं वाटतं. पण कोणत्याही ग्रामसभेचा ठराव घटनेच्या एकोणिसाव्या कलमापेक्षा मोठा नाही. देशात कुठेही फिरण्याचं आणि धंदा करण्याचं स्वातंत्र्य त्यात आहे. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा कायदाही शहरांपुरताच, त्यामुळे खेड्यात फिरणाऱ्याच्या हातात दाखवायला परवान्याचा कागदसुद्धा नसतो. फलक अडवतो तो डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला. दुचाकीवरचे दोघे फलक वाचायला थांबत नाहीत.

आणि संशय किती लांब जातो, हे आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षेकरी गोसावी समाजाची ती माणसं, त्यांतली बहुतेक आपल्या जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारहाण झाली. पंढरपूरकडे निघालेल्या त्या साधूंनी फक्त रस्ता विचारला होता. दोन्हीकडे मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी मनं आधीच तापलेली होती.

म्हणून बंधन माणसावर नको, कामावर हवं. दारात अंगावरचा दागिना उतरवायचा नाही, येणारा कितीही ओळखीचा असो. मीटरवाला आला तर बिलावरच्या क्रमांकावर फोन करून विचारायचं, त्याने दिलेल्या क्रमांकावर नाही. खरा माणूस तेवढा वेळ थांबतो. संशय पक्का झाला तर ११२ या पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन. संदेश पुढे पाठवताना त्यात तारीख आणि गाव हवं, कारण वर्षांपूर्वीचा फोटो ‘आज आपल्या भागात’ म्हणून फिरतो आणि भलत्याच्याच जिवावर बेततो.

काही ठिकाणी बंदीऐवजी पोलीस पाटलाकडे नोंद करून फिरायची मुभा देण्याचा मधला मार्ग सुचवला जातो. तो बंदीपेक्षा बरा. पण नोंद फुकट आणि जागच्या जागी व्हायला हवी. त्यासाठी बोहारणीचा अर्धा दिवस मोडणार असेल, तर ती त्या गावाला वळसाच घालील.